हार घातलेला फोटो

आमच्या सोसायटीतल्या जोशीकाकांना परवा पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. मुलीनं त्यांना हार घालून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली वाढदिवसाच्या दोन ओळी होत्या, पण त्या वाचतो कोण? हार बघून कुणीतरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि मग अख्ख्या बिल्डिंगनं धडाधड हात जोडले.

संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर काका ते सगळं एकेक करून वाचत बसले होते. त्यांच्या शेजारी बसलो आणि माझं डोकं सणकलं. दिवसभर रील, सुविचार, बातम्या नुसत्या गिळत राहायच्या. डोळ्यांना काही कळायच्या आत अंगठा पुढे पळालेला असतो. याच अंगठ्यांनी गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या भाजीवालीला उठवलं. ‘गटारात भाजी धुते’ म्हणून व्हिडिओ फिरवला. त्यातली बाई वेगळी होती, गावही वेगळं होतं. दोन जिने उतरून तिला विचारायला एकजण गेला नाही. आज तिच्या जागेवर स्कूटर लावतात, आणि तो व्हिडिओ पाठवणारे भाजी महाग झाली म्हणून कुरकुरतात. निर्लज्ज!

“लोकांना ना, काका, विचार करायचीच सवय राहिली नाही,” मी तावातावानं म्हणालो.

काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. जोडलेल्या हातांच्या रांगेत माझंही नाव होतं. वर फोटो कुणाचा आहे, हे मी बघितलंच नव्हतं.

“सकाळी घरी येऊन पेढा खाऊन गेलास ना रे?” त्यांनी विचारलं.