बारदान वजा

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, वडूजच्या वकीलसाहेबांचे. साताऱ्याच्या कोर्टात त्यांच्याकडं गांजाची केस आली की आरोपीनं काय केलं, हे ते आधी विचारत नसत. चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "वजन सांगा."

माझा थोरला भाऊ कडेगावहून साताऱ्याला भाजीचा टेम्पो न्यायचा. आमच्याकडं गाडी निघाली की कुणाच्या गाठोड्याला नाही म्हणत नाहीत. आत काय आहे, हे विचारणं म्हणजे अपमान. एकदा ओळखीच्या माणसानं दिलेलं पोतं पोलिसांनी नाक्यावर उघडलं. गांजा निघाला. पंचनाम्यात वजन लिहिलं, एकवीस किलो.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात कागद वाचणारा मी एकटाच, म्हणून पंचनामा घेऊन साहेबांकडं मीच गेलो.

"वीसच्या वर गेलं रं," साहेब म्हणाले.

"एका किलोनं काय होतं, साहेब?"

"वीसच्या आत असतं तर जास्तीत जास्त दहा वर्षं. वर गेलं की कमीत कमी दहा, वीसपर्यंत. अन् जामीन जवळजवळ न्हाईच."

"पण दादाला माहीत नव्हतं."

"ते त्यानंच पटवून द्यायचं. ज्याच्याजवळ पोतं, त्याला ठाऊक होतं असंच हा कायदा धरतो."

बाहेर बाकावर आई बसली होती. "कवा सोडत्यात रं?" तिनं विचारलं. मी पाणी आणायला जातो म्हणून निघून गेलो.

साहेबांनी पंचनामा चारदा वाचला आणि हसले. "वडूजच्या बाजारात मिरची घेताना म्हातारीसुद्धा पोत्याचं वजन, बारदान, वजा करायला लावती. ह्यांनी ओलं पोतं, काड्या, मुळं, समदं तोललंय. कायद्यात गांजा म्हंजे निस्ता फुलोरा. तेवढाच तोलला तर वीसच्या आत येतंय."

तेवढ्या मुद्द्यावर सात महिन्यांनी जामीन झाला. खटला अजून उभा आहे. साहेब मात्र आजारपणामुळं वकिली सोडून वडूजला गेले. कोर्टात आता त्यांच्या खुर्चीवर दुसरंच कुणी बसतं. गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र टाकलं:

"साहेब, सा. न. मी पास झालो. दादा पुन्हा टेम्पो चालवतो. कुणी काही दिलं की आधी उघडून बघतो, म्हणून गाव त्याच्यावर रुसलंय. पुढची तारीख जवळ आली की त्याला जेवण जात नाही. काल आईनं त्याला वाटेत खायला भाकरी बांधून दिल्या. त्यानं काही म्हणायच्या आत तिनंच गाठ सोडली आणि फडकं त्याच्यापुढं धरलं."