बाईंचं लक्ष नसतं, कशावरून?

सातवीच्या मुलांना उतारा वाचायला शिकवताना मी दोनच प्रश्न विचारायचे. लेखकाचं म्हणणं काय, आणि कशावरून? म्हणण्याखाली तांबडी रेघ, आधारांखाली निळी. हातखंब्याच्या अलीकडे आमची शाळा, वर्गात अकरा मुलं. रस्त्यासाठी तोडलेल्या झाडांवर मीच एक उतारा लिहून दिला होता. सुरुवातीला पोरं तो अख्खा तांबडा करून आणत. "हे झालं त्याचं मत. ते मी का मानू?" असं विचारत राहिले, तेव्हा हळूहळू निळ्या रेघा दिसू लागल्या.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माझे यजमान वारले. ते मुंबईला छापखान्यात होते. कामावरच छातीत कळ आली. त्यांना गावी आणलं, तेरावं उरकलं आणि मी शाळेत रुजू झाले. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. तसं काही नव्हतं. ते वर्षातून तीनदा घरी यायचे, गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. एरवी मी एकटीच असायचे, एका माणसापुरता भात, एक ताट. ते गेल्यावर त्यात काहीच बदललं नाही, म्हणून दुःख कुठून सुरू करायचं तेच मला कळेना.

रुजू झाल्यावर काही आठवड्यांनी मुलांना सांगितलं, स्वतःचं एक म्हणणं लिहा आणि त्याला तीन आधार द्या. कुणी लिहिलं, शनिवारी शाळा नको. कुणी लिहिलं, आमची गाय हुशार आहे. पहिल्या बाकावरच्या, फारसं न बोलणाऱ्या मुलीने लिहिलं होतं:

"आमच्या बाई वर्गात असतात पण त्यांचं लक्ष नसतं. सोमवारी फळ्यावर लिहिलेली तारीख गुरुवारपर्यंत तीच होती. हजेरी घेताना त्यांनी माझं नाव दोनदा घेतलं. आई म्हणते, बाई अजून रडल्या नाहीत."

मी पेन्सिली घेतल्या. पहिलं वाक्य तांबडं. पुढची दोन निळी. चौथ्यापाशी थांबले आणि तिला टेबलाजवळ बोलावलं.

"हा शेवटचा आधार तू स्वतः पाहिलेला नाहीस."

"चुकला काय, बाई?"

"ऐकीव आहे. आईला कशावरून कळलं, ते यायला हवं."

तिने जरा विचार केला. "आय तुमच्याकडे दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा तुम्ही तिला चहा दिलात नि शाळेचंच बोलत बसलात."

"मग तसं लिही."

तिने तिथेच उभं राहून लिहिलं. त्याखालीही मी निळी रेघ ओढली आणि दहापैकी नऊ दिले. एक शुद्धलेखनाचा गेला.

"बाई, राग आला?"

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. रागच काय, काहीच आलं नव्हतं.

मुंबईत यजमानांच्या खोलीवर त्यांचं सामान पडून होतं. त्यांच्यासोबत राहणाऱ्या गृहस्थांचा दोनदा फोन आला होता आणि दोन्ही वेळा मी पुढच्या आठवड्यावर ढकललं होतं. त्या दुपारी मी रजेचा अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. "सामान आणायचंय," एवढंच सांगितलं.

त्या गृहस्थांनी बॅग भरूनच ठेवली होती. "वहिनी, एकदा बघून घ्या, काही राहिलं नाही ना." चार शर्ट, चपला, स्टीलचा डबा, मोबाईलचा चार्जर. एकेक काढून पाहिलं, परत ठेवलं. मग लावायला चेन हातात घेतली. मी नुसती ती धरून बसले. शेवटी त्यांनीच चेन लावली आणि बॅग एसटीपर्यंत आणून दिली.

बरेच महिने ती कपाटावर तशीच होती. मे महिन्यात काढून शर्ट धुतले, मागच्या दारी वाळत घातले. त्या दिवशी थोडं रडू आलं. फार नाही.