आत्याकडे पुटिंग अप

दहावीनंतर वडिलांनी मला लातूरला ठेवलं ते आत्या तिथं होती म्हणून. आमचं गाव इस्लापूरच्या पलीकडं. तिथून अकरावीला लातूर गाठायचं म्हणजे आमच्याकडं लई मोठी गोष्ट होती. आत्याचे यजमान लवकर गेले होते, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात ती ब्लाउज शिवायची. बाहेरच्या खोलीत मशीन आणि कापडांचे ढीग, आतल्या खोलीत स्वयंपाक, आणि आता एका कोपऱ्यात मी.

पहिल्याच आठवड्यात आमचं पाण्यावरून वाजलं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, ते आत्या पिंपात, घागरीत, तेलाच्या रिकाम्या डब्यांतसुद्धा भरून ठेवायची. मला याची कल्पनाच नव्हती. मी दोन बादल्या संपवून, केस धुऊन बाहेर आले, तर आत्या मशीन थांबवून माझ्याकडं बघत होती.

"बाई, हे काय आपल्या गावाकडचा सहस्रकुंडाचा धबधबा हाय का? एका बादलीत आंघोळ करायची. आन् केस रविवारी."

मग रोज काहीतरी निघायचं. पंखा चालूच ठेवला, ताटात भाकरी टाकली, ओढणी मशीनवर फेकली. मी वर मान करून बोलत नसे, पण मनात धुसफुसत असे.

रविवारी सकाळी गल्लीच्या टोकाला एक निवृत्त शिक्षक इंग्रजीचा वर्ग घ्यायचे. मशिदीच्या मागं त्यांचं जुनं घर होतं, अंगणात सतरंजी टाकून आम्ही दहा-बाराजणी बसायचो. पहिल्या दिवशी सरांनी मला उभं केलं आणि विचारलं, "व्हेअर आर यू पुटिंग अप?"

पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर. एवढं मला येत होतं. माझी पिशवी पायाशी होती. मी घाईघाईनं ती उचलली, खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "हिअर, सर."

सगळ्याजणी खो-खो हसल्या. सर मात्र हसले नाहीत. "बेटा, पिशवीचं न्हाई इचारलं. तू कुठं राहून राहिली, ते इचारलं. पुट एकटा असला की त्याचं काम वेगळं, अप जोडीला आला की वेगळं. पुटिंग अप म्हणजे मुक्काम."

हा शब्द मला फार आवडला. आठवडाभर मी तो घोळवत होते. कॉलेजात, बसथांब्यावर, कुणी विचारलं न विचारलं तरी मी सांगायची, मी इथं पुटिंग अप आहे. दुसऱ्या रविवारी सरांनी तपासायला म्हणून लातूरमधल्या दिवसांवर वर्गातच निबंध लिहून घेतला. मी पहिलंच वाक्य ऐटीत लिहिलं, "आय ॲम पुटिंग अप विथ माय आंट." मी आत्याबरोबर राहते, असं मला म्हणायचं होतं.

पुढच्या रविवारी मला ताप होता. वर्गाला येणारी शेजारची मुलगी माझी तपासलेली वही घेऊन आली, तेव्हा मी आत झोपले होते. वही आत्यानं घेतली.

सोमवारी सकाळी न्हाणीत दोन भरलेल्या बादल्या होत्या.

"आत्या, दुसरी कशाला?"

"राहू दे. केस धू."

आवाजात राग नव्हता. त्या दिवसापासून ती मला काही बोलेनाशी झाली. पंखा चालू राहिला तर स्वतः उठून बंद करायची. भाकरी उरली तर मुकाट्यानं उचलायची. मला आधी बरं वाटलं, दोन दिवसांनी घर खायला उठलं. गुरुवारी मी सुई शोधायला मशीनचा खण उघडला. खडू आणि बॉबिनच्या खाली माझी वही होती. त्या वाक्याखाली सरांनी लाल शाईनं मराठीत लिहिलं होतं, "म्हणजे आत्याला सहन करतेस? बिचारी आत्या!"

आत्या सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण लाल शाईतलं मराठी तिनं वाचलं होतं.

मी चप्पल न घालता सरांकडं पळाले. सगळं ऐकून त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि माझ्यासोबत निघाले.

"ताई," दारातूनच ते म्हणाले, "चूक पोरीची न्हाई, माझी हाय. पुटिंग अप म्हणजे राहणं, एवढंच मी शिकवलं. पुढं विथ लागलं की सहन करणं असाबी अर्थ होतो, ते सांगायचं राहिलं. आन् वरून चेष्टा लिहून बसलो."

आत्यानं मान वर केली नाही. मशीन चालूच होती. शिवण संपल्यावर तिनं दोरा तोडला.

"एवढ्याशा शब्दानं एवढं बदलतं?"

"एवढ्याशानंच."

"मग मी हिला सहन करते, हे कसं म्हणायचं?"

सर मोठ्यानं हसले. "आय पुट अप विथ हर."

"आय पुटप विथ हर," आत्या म्हणाली. तिनं परत एकदा म्हणून पाहिलं. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

सर चहा घेऊन गेल्यावर ती म्हणाली, "चुकून लिहिलं, ते ठीक. पण थोडं खरं हाय का न्हाई?"

खोटं बोलवेना. "हाय थोडं. मला राग यायचा तुझा."

"मलाबी यायचा," ती म्हणाली, आणि उठून पीठ मळायला घेतलं.

आता मी नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला राहते आणि स्वतःच इंग्रजी शिकवते. पुट अप विथ शिकवायची वेळ येते तेव्हा दोन्ही अर्थ एकाच दिवशी फळ्यावर लिहिते. मुलांच्या वहीत चेष्टा लिहीत नाही. आत्याला जाऊन तीन वर्षं झाली.

त्या गुरुवारी सर निघाले तेव्हा तिनं दारात त्यांना विचारलं होतं, "मोठी माणसं चालतात का वर्गात?" सर म्हणाले, या की. लग्नसराई सुरू होऊन कामाचा ढीग पडेपर्यंत ती दर रविवारी माझ्याबरोबर आली. सतरंजीच्या मागच्या कडेला बसायची, पदर नीट करून, माझीच जुनी वही मांडीवर घेऊन. परतताना आम्ही मुद्दाम बाजारातून लांबच्या रस्त्यानं यायचो. ती प्रत्येक दुकानासमोर थांबून पाटीवरची इंग्रजी अक्षरं जुळवायची, उन्हात डोळे बारीक करून, आणि पाटी पूर्ण वाचून झाल्याशिवाय मला पुढं जाऊ देत नसे.