मातृभाषेचा रकाना

नव्वदीच्या सुरुवातीला कुंभकोणमच्या बाजारात एक वधूवर केंद्र निघालं. तिथं कॉम्प्युटर होता, म्हणून बोलबाला. माझी अक्का तेव्हा दारासुरमच्या शाळेत शिकवायची. तिशीला आली होती. आमच्यासारख्या, पिढ्यान् पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरांतली मुलं शिकून बाहेर गेलेली, स्थळं मिळेनात. आप्पा तिचं नाव नोंदवायला निघाले, मी सोबत गेले.

मातृभाषेच्या रकान्यात आप्पांनी इंग्रजीत ‘मराठी’ लिहिलं, टी-एच घालून. मालकानं तोच शब्द टाइप करून शोध घेतला. तमिळमध्ये म्हणाला, “मशीन अक्षर न् अक्षर जुळवतं सार. चुकीचं स्थळ यायचंच नाही.”

पडद्यावर एकच नाव आलं, पुण्याचं, तिथल्या केंद्राकडून आलेल्या यादीतलं. नंतरही आम्ही खेटे घातले. तेच एक.

“इथली आपली माणसं संपली की काय?” घरी येताना आप्पा म्हणाले.

पुण्याला लग्न झालं. माणसं वाईट नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात अक्का आमच्या बोलीत “मजला पाणी द्या” म्हणाली आणि घरभर हशा पिकला. नणंदेनं विचारलं, “वहिनी, पेशवाईतून आलात का?” थट्टाच होती ती. हे अक्कानं आम्हाला दिवाळीला आली तेव्हा हसत हसत सांगितलं. मग मात्र दर खेपेला ती कमी बोलू लागली, आमच्याशीसुद्धा जपून. मरुदानल्लूरला भजनाला जाताना बसमध्ये हिला गप्प कर म्हणून आई मला खुणावायची, तीच ही अक्का.

काही वर्षांनी एका लग्नात दारासुरमच्या एक बाई माझ्याशेजारी जेवायला बसल्या. आमच्यासारखंच मराठी बोलत होत्या.

“धाकट्या भावाचं नाव आम्हीही त्या केंद्रात घातलं होतं,” त्या म्हणाल्या. “आपल्यातली एक मुलगी निघाली नाही. शेवटी तमिळ घरातली केली. चांगली आहे हो पोरगी.”

“फॉर्म कुणी भरला होता?”

“तिथल्याच मुलीनं. मी सांगितलं ते तिनं लिहिलं.”

“मातृभाषा काय लिहिली?”

“मराट्टी. तमिळमध्ये तसंच म्हणतात की. डबल टी.”

मशीनच्या लेखी त्या दोन निराळ्या भाषा होत्या. आम्ही टी-एच शोधत राहिलो, आणि अक्काच्या शाळेजवळचं ते घर आम्हाला कधी दिसलंच नाही.

आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “एवढं शुद्ध लिहायला कशाला गेलो मी?”

अक्काला सांगू नये असं आईचं म्हणणं होतं. पण मे महिन्यात ती मुलाला घेऊन आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ती भाजी निवडत होती.

“त्याचं लग्न झालं?”

“झालं.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि देठ मोडत राहिली.

त्या सुट्टीत ती ठरल्यापेक्षा आधीच परत गेली. आईनं विचारलं, तर मुलाच्या शाळेचं कारण सांगितलं.