अक्काला चांगलं म्हणायचं नाही

धुळ्याच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या एका पंचायत समितीत मी कारकून होते. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या फाटकावर खासगी एजन्सीची एक सुरक्षारक्षक बाई होती. पन्नाशीची, निळ्या गणवेशातली. सगळे तिला अक्काच म्हणत. बाजाराच्या दिवशी पाड्यांवरची माणसं नुकतेच घेतलेले विळे-कोयते हातात घेऊन तशीच ऑफिसात शिरत. अक्का ते काढून घ्यायची, खुर्चीखाली रांगेत मांडायची आणि ज्याला पाट्या वाचता येत नाहीत त्याला थेट टेबलापर्यंत पोचवून यायची.

कंत्राट संपत आलं तेव्हा वरून कागद आले. सुरक्षा सेवेबद्दल लोक समाधानी आहेत का, ते विचारायचं. कागदावर तीन चेहरे: हसरा, मधला आणि रडका. वाटेल त्यावर अंगठा उठवायचा. लोक नाखूश दिसले तर रक्षक बदलणार, हे उघड होतं. अक्काच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, दुसरं कमावणारं कुणी नाही. तरी मी निर्धास्त होते. अक्काला कोण नावं ठेवणार?

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी गठ्ठा चाळला आणि हबकलेच. झाडून सगळे अंगठे रडक्या चेहऱ्यावर! अक्कानं माझ्या खांद्यावरून ते पाहिलं. ती फाटकाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मला ते बघवेना. विळा परत न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याला मी गाठलंच.

"आबा, अक्कानं तुमचं काय घोडं मारलं हो?"

"काहीच नही, ताई. अक्का लाखमा एक शे," तो शांतपणे म्हणाला. "गये साल ग्रामसेवक चांगला शे, अशा कागदवर आम्ही बठ्ठासनी अंगठा दिन्हा. महिनामा त्यानी बदली व्हयी गयी! आते चांगलं सांगानं नही, असं आम्हनं ठरेल शे."

मी कपाळावर हात मारला आणि मग पोट धरधरून हसले. वाईट म्हणाल तर अक्काच जाईल, हे कळल्यावर म्हातारा विळा तिथंच टाकून बाजाराकडे पळाला. घरी निघालेली माणसं जीपमधून उतरून परत आली. नव्या कागदांवर हसऱ्या चेहऱ्यांची गर्दी झाली. अक्का डोळे पुसत कोण कोण आलंय ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा पर्यवेक्षक धुळ्याहून आला. गठ्ठा बघून खूश झाला. "मॅडम, इतकी चांगली बाई या कोपऱ्यात कशाला? धुळ्याच्या मोठ्या ऑफिसला टाकतो."

अक्काचा चेहरा उतरला. धुळ्याला जायचं तर दिवसभर नवऱ्याला पाणी द्यायला कोण? आबांचं गणित अगदीच चुकलेलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आम्हा कर्मचाऱ्यांनाही एकेक कागद भरायचा होता; माझा कोराच होता. मी तो ओढला, अंगठ्याला शाई लावली आणि रडक्या चेहऱ्यावर दाबून उठवला.

"धुळ्यात नाही चालायची हो ती. लोकांना टेबलापर्यंत सोडायला फाटक सोडून जाते. आम्ही घेतो सांभाळून."

"मग राहू दे इथंच," तो जरा हिरमुसून म्हणाला.

त्याची गाडी वळली तशी अक्कानं माझा निळा अंगठा दोन्ही हातांत धरला आणि हसत सुटली.