गुंडप्पांच्या नावाची दवंडी

मला जाहिरातींचा मनापासून राग आहे. नांदेडला आमच्या घरासमोरच्या चौकात क्लासवाल्यांचे एवढे फ्लेक्स लागतात, की पलीकडचा कडुलिंब मी कित्येक महिन्यांत धड पाहिलेला नाही. जेवायला बसलं की फोन वाजतो आणि पलीकडची मुलगी 'मॅडम' म्हणून मला प्लॉट विकायला बघते. अशा बाईला एका जाहिरातवाल्याबद्दल आपण होऊन लिहावंसं वाटावं, याचं माझ्या नवऱ्याला फार हसू येतं. हसू दे. अमरनाथ बिराजदार काय चीज आहे हे त्याला माहीत नाही.

औशात, माझ्या माहेरी, आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच. तो माझ्याहून थोडा मोठा, म्हणून अमरदादा. आज लातूरला त्याचं ऑफिस आहे, नांदेडला शाखा आहे. कापड दुकानं, दवाखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मुदखेडचे फूलवाले, बिलोलीचे किराणावाले, सगळ्यांच्या जाहिराती त्याच्याकडून निघतात. दारावरच्या पाटीवर 'मार्केटिंग' असा शब्द आहे. तो शब्द त्याला कुणी शिकवला नाही. बारावीनंतर त्यानं कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, आणि त्याच्या धंद्याची सुरुवात मयताच्या खबरा सांगण्यातून झाली.

त्याचे काका गुरुलिंग यांची ऑटो होती आणि तिच्या टपावर भोंगा. गावात कुणी गेलं की घरचं माणूस आधी गुरुलिंगकाकांकडे यायचं. काका मग गल्लोगल्ली फिरत सांगायचे, की अमुक गल्लीतले रहिवासी, अमक्यांचे वडील, तमक्यांचे सासरे, यांचं दुःखद निधन झालं आहे. अंत्ययात्रा इतक्या वाजता राहत्या घरून निघेल. भोंगा लांबून ऐकू आला की बायका पिठाचे हात तसेच घेऊन दारात यायच्या, पुरुष अर्धी दाढी झालेल्या तोंडानं ओट्यावर यायचे, आणि नाव कळेपर्यंत गल्लीत कुणी कुणाशी बोलायचं नाही.

काकांच्या घशाला गाठ झाली आणि माईक अमरदादाच्या हातात आला. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती, पण आवाज मात्र कमावलेला. खालच्या पट्टीतला, सावकाश, नावाच्या आधी किंचित थांबणारा. आई म्हणायची, "या पोरानं नाव घेतलं ना, की गेलेल्या माणसाबद्दल आदर वाटायला लागतो. मग तो जिवंतपणी कसा का असेना."

पण या आवाजानं त्याची पंचाईत करून ठेवली. तो किराणा दुकानात साखर मागायला गेला तरी दुकानदार तागडी हातात धरून विचारायचा, "कोण गेलं रे?" मित्राच्या लग्नात वऱ्हाडाला जेवायला बोलवायचं काम त्यानं अंगावर घेतलं, तर नवरदेवाच्या आत्यानं त्याच्या हातातला माईक काढून घेतला. तो हसायचा, पण त्याला लागायचं. एकदा मला म्हणाला, "मृण्मयी, कुणाचं तरी चांगलं झालेलं सांगायला मिळावं बघ एकदा. लई झालं हे."

तो बाजारात दुकानादुकानात फिरू लागला. 'तुमच्या सेलचं सांगतो, तुमच्या नव्या मालाचं सांगतो.' सगळ्यांनी हात जोडले. सेल असला की लातूरहून टेम्पो यायचा, सिनेमाची गाणी लावलेला, आणि त्यातला माणूस ओरडून ओरडून साड्यांचे भाव सांगायचा. तो टेम्पो एका दसऱ्याला आला नाही, आणि अमरदादाचं नशीब उघडलं, असं आम्हाला वाटलं.

गुंडप्पा शेटे म्हणजे आमच्या बाजारपेठेतले कापडाचे व्यापारी. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर पांढरं धोतर, शब्दाला पक्के आणि रागाला त्याहून पक्के. त्यांच्या नव्या दुकानाचं त्या दिवशी उद्घाटन होतं. पाहुणे आलेले, पूजा मांडलेली आणि टेम्पोचा पत्ता नाही. शेवटी नाइलाजानं त्यांनी अमरदादाला बोलावलं आणि एवढंच सांगितलं, "जरा हसून बोल."

तो हसून बोलला. मी स्वतः ऐकलंय. पण मजकूर त्यानं त्याला येत होता त्या एकाच साच्यात बसवला होता. "सर्वांना कळविण्यात येते की, हनुमान गल्लीतील रहिवासी, संगमेश्वर शेटे यांचे वडील," मग तो किंचित थांबला, "श्री. गुंडप्पा शेटे..." पुढे त्यांच्या नव्या दुकानाचं उद्घाटन वगैरे सगळं बरोबर होतं. पण पुढचं ऐकतंय कोण? अमरनाथच्या तोंडून नाव आलं म्हणजे माणूस गेला, हे गावाला पाठ होतं. माझी आई, "अगं बाई, परवा तर त्यांनी मला खण मोजून दिला," असं म्हणत चपला घालून निघालीसुद्धा.

गुंडप्पांच्या घरी त्यांच्या पत्नी, महादेवीकाकू, पुरण वाटत होत्या. बघता बघता अंगण बायकांनी भरलं, सगळ्या डोळ्यांना पदर लावलेल्या. नवरा सकाळीच दुकानात गेलेला. काकूंना वाटलं, तिकडेच काहीतरी झालं. त्यांनी हंबरडा फोडला, ते पाहून उरल्यासुरल्या बायकांची खात्री पटली. आमच्याकडे लिंगायत समाजात मृताला पालखीत बसवून नेतात; तिच्यासाठी बांबू आणायला एक उत्साही माणूस निघूनही गेला होता. आणि त्या आकांतात काकूंनी हात उंबऱ्यावर आपटले. दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्या फुटल्या.

सगळा जमाव तिथून दुकानाकडे गेला. गुंडप्पा गादीवर नारळ हातात घेऊन बसलेले. समोर अख्खं गाव. मग एकजण म्हणाला, "आप्पा, दुकान मात्र झकास झालंय हां," आणि लोक आत शिरले. आलोय तर रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून कुणी टॉवेल घेतला, कुणी टोपी. माझ्या आईनं दुसरा खण घेतला. औशातल्या कुठल्याच दुकानाच्या उद्घाटनाला तेवढी गर्दी झाली नसेल.

गुंडप्पा मात्र हसले नाहीत. घरून बांगड्यांची बातमी आली तशी त्यांनी सगळ्यांसमोर अमरदादाला बोलावलं. "काय बोलूलालास, काही कळतं का तुला? जिता नवरा असताना माझ्या बायकोच्या बांगड्या फुटल्या. आजच्या दिवशी. आजपासून माझं नाव तुझ्या तोंडात आलं न्हाई पाहिजे." अमरदादानं मान खाली घातली. नवरा असताना बांगड्या फुटणं म्हणजे काय, हे त्यालाही कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. काकू पुढे कित्येक महिने नवऱ्याला साधा खोकला आला तरी घाबरायच्या.

त्यानं माईक ठेवला तो ठेवलाच. मयताचं सांगणंही बंद. मला तेव्हाचा तो आठवतो, औशाच्या किल्ल्याच्या बाजूला एकटाच फिरणारा, कुणी हाक मारली तर नुसती मान हलवणारा. मला त्याची फार कीव यायची आणि गुंडप्पांचा संताप. पण त्याच दिवसांत तो एक विचित्र उद्योग करत होता. घरोघरी जाऊन विचारायचा, "त्या दिवशी तुम्ही कुठवर ऐकलं?" सगळ्यांचं उत्तर एकच, नावापर्यंत. मग तो विचारायचा, "आणि आलात कामून?" त्यालाही उत्तर एकच. आप्पा आपले म्हणून.

हीच त्याची शाळा झाली. लोक मालासाठी येत नाहीत, माणसासाठी येतात, आणि पहिल्या श्वासात जे सांगाल तेवढंच ऐकतात. एवढी शिदोरी घेऊन तो लातूरला गेला आणि एका केबलवाल्याकडे टीव्हीच्या तळाशी पळणाऱ्या पट्ट्या लिहायला लागला. बाकीचे 'भव्य', 'महा', 'धमाका' लिहायचे. हा लिहायचा, 'औशाच्या हलवायांचे जावई आता लातूरकरांच्या सेवेत.' गिऱ्हाईक हसत हसत दुकान शोधत जायचं. नवं गाव हाती घ्यायचं तर आधी तिथं एसटीनं जायचा, दिवसभर हॉटेलात चहा पीत बसायचा, कोण कुणाचं कोण ते ऐकायचा. बिलोलीत तर लोकांना तो पोलीस खात्यातला वाटला होता.

संगणक तो एका मित्राच्या सायबर कॅफेत शिकला, गिऱ्हाईक नसेल त्या वेळात. पुढे मोबाईल आले, यूट्यूब आलं. हिंदी व्हिडिओ थांबवून थांबवून बघायचा, इंग्रजी शब्द आला की मला फोन. "मृण्मयी, टार्गेट ऑडियन्स म्हंजे काय?" मी माझ्या परीनं समजावलं. तो म्हणाला, "म्हंजे कुणाच्या मयताला कोण येतं, तेच ना?" मी फोन ठेवून हसत बसले. पण आजही तो ऑफिसातल्या पोरांना हे असंच शिकवतो, आणि पोरं ते लिहून घेतात.

रील, रेडिओ, भोंगा, सगळीकडे त्याच्या ऑफिसातली विशाखा बोलते, नाहीतर बाहेरचे कलाकार. त्याचा स्वतःचा आवाज कुठल्याच जाहिरातीत नाही. 'तुमचाच द्या की, काय भारी आहे,' असं गिऱ्हाईक म्हणालं की तो विषय बदलतो. त्याची बायको अंबिका मला एकदा म्हणाली, "ताई, हे घरात बी कुणाला नावानं हाक मारत न्हाईत. उठून जवळ जातेत अन् मग बोलतेत."

आणि गंमत बघा, गुंडप्पांच्या दुकानाच्या जाहिराती इतकी वर्षं तोच करतो. मुलगा संगमेश्वर काम देतो, हा करून देतो. पण गुंडप्पा गादीवर असले की हा त्या रस्त्यानं जात नाही, आणि बोलण्यात कधी नाव आलंच तर 'आपले शेटे' म्हणतो. साऱ्या मराठवाड्यात ज्याची वाहवा झाली, त्याचा जीव एका म्हाताऱ्याच्या शब्दात अडकून होता. पुष्कळदा मला वाटायचं, जावं आणि गुंडप्पांना चार खडे बोल सुनावावेत.

गेल्या वर्षी महादेवीकाकू गेल्या. नवरा मागे आहे, हातात हिरवा चुडा आहे, अशा गेल्या. सवाष्ण गेली, सोनं झालं, असं गाव म्हणालं. बाईच्या मरणातही नवऱ्याचाच हिशेब बघायचा, हे मला कधी पटलेलं नाही. पण गुंडप्पांच्या मनात इतकी वर्षं त्या फुटलेल्या बांगड्यांच्या अपशकुनाची जी भीती बसली होती, ती त्या दिवशी उठली असावी.

यंदाच्या पाडव्याला त्यांच्या दुकानाची नवी तीन मजली इमारत उघडणार होती. मी माहेरी आले होते, अमरदादाही सणाला औशात होता. आदल्या दिवशी दुपारी काठी टेकत गुंडप्पा गल्लीत आले आणि बिराजदारांच्या ओट्यावर बसले. मी आमच्या ओट्यावर गहू निवडत होते. उठायचं मला सुचलंच नाही.

"अमरनाथ, उद्या तू सांग," ते म्हणाले.

"आप्पा, विशाखाचं रेकॉर्डिंग तयार हाय. लई गोड झालंय."

"मशीन नको. तूच."

"लोकांला पुन्हा तसंच वाटलं तर?"

"मी बसतो की तुझ्या शेजारी," गुंडप्पा म्हणाले. "दिसंन की लोकांला." मग म्हणाले, "काकूच्या मनात तुझ्याबद्दल काही नव्हतं रे. माझ्याच होतं. उगं इतकी वर्षं धरून बसलो."

सकाळी भाड्यानं आणलेली ऑटो आमच्या गल्लीत शिरली. मागच्या सीटवर गुंडप्पा, इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी, आणि शेजारी अमरदादा, हातात माईक. भोंगा खरखरला आणि बायका दारात आल्या. "सर्वांना कळविण्यात आनंद होतो की," तोच आवाज, "हनुमान गल्लीतील रहिवासी, संगमेश्वर शेटे यांचे वडील..." तो थांबला. सवयीनं थांबतो तेवढाच असेल, असं मला वाटलं. पण पुढचं येईचना. ऑटो उभी, भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येतोय, आणि अमरदादाचे ओठ हलताहेत. ते नाव त्याच्या घशातून वर येत नव्हतं.

गुंडप्पांनी त्याच्या हातातून माईक घेतला. तो कसा धरायचा हेही त्यांना माहीत नव्हतं, अगदी दाताला लावला. "मी गुंडप्पा," ते म्हणाले. "जिता हाय. नवं दुकान उघडलंय, समदे या."

बायका हसल्या. गुंडप्पांनी माईक परत त्याच्या हातात दिला, त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "हं. घे आता माझं नाव."

अमरदादानं बाहीनं डोळे पुसले आणि नाव घेतलं. ऑटो पुढच्या गल्लीत वळली तरी कुणी घरात गेलं नाही. तिकडून तो पुन्हा पुन्हा तेच नाव घेत होता, आणि मी ओट्यावर उभी राहून ऐकत होते.