काच चमकते

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही — कदाचित तुम्ही आमचं घर पाहिलेलं नाही, म्हणून.

आम्ही इकडे हिंदी मुलखात, भनपुरीत राहतो. पप्पा कारखान्यात जातात, आई घरून मटका रोटीच्या ऑर्डरी घेते. उलट्या मडक्यावर भाजलेली, रुमालासारखी पातळ रोटी. सैल कणीक ती हातांवर अशी लांबवते की कोपरापर्यंत झालर लोंबते. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, म्हणून इन्स्टाग्रामचं पेज माझ्याकडे आलं. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं — नेटवरून उचललेले फोटो लोक ओळखतात. आपलं खरं घर दाखवा, खरी माणसं दाखवा.

मी दाखवलं. पहिल्या फोटोत आई होती, चूल होती आणि मागच्या भिंतीवर तसबीर होती. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. आमच्याकडे त्यांना नुसतं बाबा म्हणतात. पोट्टी कॉलेजात गेली ती बाबांमुळे, असं आई ज्याला त्याला सांगते.

शंकर नगरच्या, म्हणजे बड्या लोकांच्या वस्तीतल्या, एका दीदीचा मेसेज आला. दर रविवारी रोट्या न्यायची ती. "पीछे किसकी फोटो है? आप लोग कौन हो?" एवढंच. सहज विचारलं असेल का? असेलही. मी थांबून पाहिलं नाही. "ऐसे ही लगी है, दीदी. हम महाराष्ट्रीयन हैं," असं लिहिलं — आणि फोटो पेजवरून काढला. रविवारी तिची ऑर्डर नेहमीसारखी आली.

"ऐसे ही." हे मी लिहिलं. माझ्या बोटांनी.

पुढच्या वेळी फोटो घेण्याआधी मी तसबीर उतरवायला गेले.

"काहून काढून राहिली वं?" आईनं विचारलं.

"काच चमकते," मी म्हणाले.

दारातून ऊन यायचं, तिला पटलं. मग मला तसबिरीला हातच लावावा लागला नाही. मी मोबाइल घेतला की आई उठायची, कणकेचे हात धुवायची, तसबीर उतरवून पदरानं पुसायची आणि पलंगावर उशीला टेकवून ठेवायची. "थांब, चमकते ना ते." फोटो झाला की पुन्हा खिळ्याला. मी समोर मोबाइल धरून उभी. तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. दर वेळी आलं असतं.

लोक खाली लिहायचे — कितना असली घर है! आई विचारायची, "काय म्हणून राहिले लोकं?" मी वाचून दाखवायची. ती लाजायची.

जयंतीच्या सकाळी ती पांढरी साडी नेसून मडक्यापाशी बसली. तसबीर भिंतीवर, ताजा हार. मी मोबाइल काढला तरी ती उठली नाही. हसत होती. अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"आज बाबासंगच काढ. म्या काचच काढून टाकली. आता पाह्य, चमकते का?"

मागचे बारीक खिळे तिनं सुरीनं उचकटले होते.

चमकत नव्हतं. मी आजवर काढलेल्या फोटोंतला सगळ्यात चांगला फोटो तो.

"टाकला का?"

"हव," मी म्हणाले.

नाही टाकला. बोट बटणावर होतं — मग मोबाइल उलटा ठेवला. आईचा फोन साधा, तिला पेज दिसत नाही. आता मी दाराच्या बाजूनं फोटो घेते. त्यात भिंत येत नाही. इकडून उजेड चांगला, असं सांगितलं आहे. तेही तिनं मानलं.

पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायकांना ती अजून सांगते — "आमच्या पोट्टीनं जयंतीले बाबाचा फोटो टाकला. शंकर नगरच्या लोकायनं पाह्यला." मी तिथंच बसलेली असते.

काच तिनं परत बसवली नाही. गरजच काय, म्हणते. चुलीचा धूर बसतो, पीठ उडतं. निळा कोट पांढुरका होत चालला आहे. कागद तो, ओल्या फडक्यानं पुसता येत नाही. आई रोज सकाळी स्टुलावर चढते आणि हलकेच फुंकर घालते. मी स्टूल धरते.